आघात-तरंगाखाली नीलम स्फटिकाचे विरूपण कसे वाचावे

नीलमाची चकती गॅस गनसमोर (दाबलेल्या वायूने दुसरी चकती तिच्यावर डागणाऱ्या तोफेसमोर) बसवण्यापूर्वी तिची स्फटिक-दिशा क्ष-किरण विवर्तनाने स्वतः तपासून घ्यावी, कारण पुढचे सगळे वाचन या दिशेवर अवलंबून असते. प्रयोगशाळेतला नीलम हा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा रंगहीन एकस्फटिक. निळा रंग सोडला तर दागिन्यातल्या खड्याचाच भाऊबंद. त्यात घसरण (अणूंचे थर एकमेकांवरून सरकणे) मुख्यतः सी-अक्षाला, म्हणजे स्फटिकाच्या मुख्य सममिती-अक्षाला, काटकोनात असलेल्या तळप्रतलावर आणि त्या अक्षाला समांतर असलेल्या प्रिझम प्रतलांवर होते. तरंग नेमका सी-अक्षावरून गेला, तर या दोन्ही प्रकारच्या प्रतलांवर थर सरकवू शकणारे कर्तन प्रतिबल शून्य भरते आणि स्फटिकाला अक्षाशी तिरक्या असलेल्या पिरॅमिड प्रतलांवरची घसरण किंवा तशाच तिरक्या रोंबोहेड्रल प्रतलांवरचे ट्विनिंग (स्फटिकाचा एक भाग आरशातल्या प्रतिमेसारख्या रचनेत वळणे) यांचाच आधार उरतो. अक्ष तिरका असला की तळप्रतलही कामाला लागते.

समजा, चकती ५ मिमी जाड व २५ मिमी व्यासाची आहे आणि तिच्यावर ३ मिमी जाडीची नीलमाचीच चकती सेकंदाला १ किमी वेगाने आदळवायची आहे. सी-अक्षावर स्थितिस्थापक तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ११.२ किमी असल्याने तो ०.४५ मायक्रोसेकंदात मागच्या पृष्ठभागावर पोहोचतो, तर कडेकडून निघालेले मुक्ती-तरंग (दाब उतरवणारे तरंग) मध्यबिंदूला यायला १.१ मायक्रोसेकंद लागतात. मोजमाप त्याआधीच उरकले पाहिजे. आदळणाऱ्या चकतीचा कल १ मिलिरेडियन असला, तरी दोन कडांच्या स्पर्शात २५ नॅनोसेकंदांचा फरक पडतो, म्हणून जुळवणीत घाई करू नये.

मागच्या पृष्ठभागाचा वेग लेसर इंटरफेरोमीटरने नोंदवावा. आलेखातली पहिली उडी म्हणजे स्थितिस्थापक अग्रतरंग. ती सेकंदाला ०.८ किमीपर्यंत गेली, असे धरू. घनता (घनसेंटीमीटरला ३.९८५ ग्रॅम), तरंगाचा वेग आणि ही उडी यांच्या गुणाकाराचे अर्धे केले की सुमारे १७.९ गिगापास्कल येतात; ही ह्यूगोनिओ स्थितिस्थापक मर्यादा, म्हणजे जिच्यापलीकडे आघाताखाली कायमचे विरूपण सुरू होते ते प्रतिबल. त्यामागून येणारा, वेग १ किमीच्या आसपास नेणारा मंद चढ हा प्लास्टिक तरंगाचा, म्हणजे कायमचे विरूपण घेऊन येणाऱ्या तरंगाचा. पहिल्या उडीनंतर वेग किंचित खाली आला, तर अग्रतरंगामागे प्रतिबल सैल होत आहे, असे समजावे. आलेख खडबडीत दिसला म्हणून तो लगेच गाळणीतून काढून गुळगुळीत करू नये: नीलमाचे विरूपण एकजिनसी नसते, ते ठरावीक पट्ट्यांत एकवटते, आणि ही थरथर त्याचीच खूण असू शकते. अर्थात, उपकरणाचा गोंगाट किती आहे, हे आधी वेगळे तपासलेले असावे.

ही मर्यादा एकच आकडा म्हणून नोंदवू नये. दिशा, चकतीची जाडी आणि कमाल प्रतिबल बदलले की ती बदलते, म्हणून या तिन्ही गोष्टी आकड्याशेजारीच लिहाव्यात.

शक्य असल्यास वेगवान कॅमेराही लावावा. मर्यादेच्या आसपास आणि तिच्या वर पारदर्शक नीलम स्वतः चमकू लागतो, आणि ही चमक सगळीकडे सारखी पसरलेली नसते. ती ठिपक्यांत व रेषांत दिसते. त्या रेषांची दिशा क्ष-किरणांनी ठरवलेल्या प्रतलांच्या छेदरेषांशी कोन मोजून ताडून पाहावी. चकतीचे तुकडे गोळा करूनही प्रतले शोधता येतात, परंतु त्यांवर दुय्यम आघातांच्या खुणाही असतात, म्हणून आधी कॅमेऱ्यातल्या रेषांचे कोन नोंदवावेत आणि मगच तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावेत.