तोंडाला वास येतो? आधी तो कुठून येतो ते शोधा

तोंडाला वास यायला लागला की कुणी पुदिन्याची गोळी चघळतं, कुणी पोटाला दोष देतं. गोळीने वास थोडा वेळ झाकला जातो, एवढंच. पोटाचा हात त्यात क्वचितच असतो. बहुतेक वेळा मूळ तोंडातच सापडतं, म्हणून शोधही तिथूनच सुरू करा.

१. जिभेचा मागचा भाग तपासा. स्वतःचा वास नाकाच्या सवयीचा झालेला असतो. त्यामुळे तळहातावर फुंकर मारून फारसं कळत नाही. चमचा उलटा धरून जिभेवर मागून पुढे हलकेच ओढा. त्यावर आलेला पांढरट-पिवळट थर जरा थांबून हुंगा. इथल्या खडबडीत पृष्ठभागात हवेशिवाय वाढणारे जीवाणू अन्नकण आणि मृत पेशींमधली प्रथिनं कुजवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू सुटतात. सडक्या अंड्याला येतो तोच हा वास. रोज टंग क्लीनर फिरवा. उमासे येत असतील तर श्वास सोडता सोडता ओढा. रक्त निघेपर्यंत खरवडण्यात मात्र काही पुरुषार्थ नाही.

२. दाढांमधून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, फिरवा आणि तोही हुंगा. एकाच फटीला वास येत असेल तर कीड किंवा सैल झालेलं फिलिंग असू शकतं. सगळीकडेच येतोय आणि ब्रश करताना रक्तही येतंय, तर हिरड्यांचा संशय घ्या. साचलेलं कीटण घरी निघत नाही, दंतवैद्यच गाठावा लागतो. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा.

३. तोंड कोरडं पडतं का पाहा. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळचा वास सगळ्यांनाच येतो. दिवसभर कोरड राहत असेल तर तोंडाने श्वास घेणं, कमी पाणी किंवा ॲलर्जी, नैराश्य यांवरची काही औषधं कारण असू शकतात. औषध परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. अल्कोहोलयुक्त माउथवॉशने कोरड वाढू शकते.

४. लसूण खाल्ला असेल तर वाट पाहा. त्याचा वास रक्तातून फुप्फुसांत येतो, दात कितीही घासले तरी.

५. एवढं करूनही वास राहिला तर घसा-नाक दाखवा. टॉन्सिलमधले पिवळट खडे किंवा सायनस निघू शकतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि स्राव येत असेल तर आत मणी-बिणी अडकलाय का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर हे काही तपासत बसू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.