गच्चीवरच्या कुंड्या आणि मे महिना : या चुका टाळा

जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, गच्चीवरचा मोगरा दुपारी एकला मान टाकतो, मग आपल्याला राहवत नाही आणि आपण नळी घेऊन वर पळतो. पहिली चूक हीच. मी दोन मोगरे असेच घालवलेत. शेजारचे आबा कुंडीत डोकावून म्हणाले, "काय रे भो, बुडाई टाकं ना झाड!" दुपारी पानं लोंबली म्हणजे झाड तहानलेलंच असतं असं नाही, पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही एवढंच. संध्याकाळी सातला परत बघा, आपोआप ताठ झालं असेल तर काही करू नका. सकाळीपण मान खालीच असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर मुळं सडायला लागलीत, बुडाचं भोक बुजलंय का बघा. आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी आधी हातावर घेऊन बघा, चटका बसेल.

दुसरी चूक आपल्याकडची खास, शेतातली काळी माती आणून तशीच कुंडीत भरायची. कपाशीला ती सोनं, पण कुंडीत वाळली की आक्रसते आणि कडेने बोटभर फट पडते. वरून तांब्याभर पाणी ओता, फटीतून सरळ खालच्या ताटलीत येतं, आपण खूश की झाड पोटभर प्यायलं, आणि मधला गोळा ढेकळासारखा कोरडाच! कुंडी छोटी असेल तर टबातल्या पाण्यात बसवा, बुडबुडे थांबले की काढा. पुढच्या वेळी माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं घ्या, वरून केळीची वाळकी पानं कातरून अंथरा, आपल्याकडे केळीला काय तोटा.

स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या.

जास्वंदीवर कापसासारखी मिलीबग कीड दिसली की लोक भर दुपारी नीम ऑइल मारतात आणि पानं करपवून घेतात. लिटरला ५ मिली, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, तेही ऊन उतरल्यावर. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी त्याच त्या किडीला सांभाळतात.

पण फवारायच्या आधी नीट बघा राव. माझ्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडलीय म्हणून काडीने खरवडायला गेलो तर शीटच हलली, डोक्यामागून दोन लालसर शिंगं काढली आणि उग्र वास सोडला. लिंबावरच्या फुलपाखराची अळी ती, कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला ना. मोठी झाली की हिरवीगार होते. दहा-बारा पानं गेली, त्या दिवशी फोडणीत कढीपत्ता कमी.