होलोकॉस्टवर लिहिताय? मग या चुका टाळा

27 जानेवारी जवळ आला की माझ्याकडे तपासायला लेख येऊ लागतात. 1945 साली याच दिवशी सोव्हिएत सैन्य ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीत पोचलं, म्हणून हा होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, स्मृतिदिन. लेखक दरवर्षी नवे, चुका मात्र त्याच.

पहिली चूक आपल्या कोल्हापूरची. वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ‘हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या ज्यूंना करवीरनगरीने आसरा दिला’ हे वाक्य एकदा मीही दिवाळी अंकात जाऊ दिलं होतं. छापखान्याची घाई होती आणि वाक्य दिसायला देखणं होतं. अंक निघाला आणि आठवड्याभरात तिकडच्याच एका आजोबांचा फोन. “ती माणसं रविवारी चर्चला जायची की ओ. ज्यू कुठलं?”

बरोबरच होतं त्यांचं. ते लोक बहुतेक कॅथलिक, आणि त्यांना घरादारातून उचललं होतं स्टालिनच्या राजवटीने. 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून थेट सायबेरिया, कझाकस्तान. तिथून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. पुढच्या अंकात मी दुरुस्तीची चौकट टाकली. ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही. त्या लोकांचे हाल काही कमी नव्हते, पण ते होलोकॉस्टच्या खात्यावर मांडले की दोन्हीकडचा हिशेब चुकतो. तेव्हापासून ‘निर्वासित’ शब्द दिसला की मी समासात पेन्सिलीने लिहितो: कोणी हाकललं, कधी, कुठून? तिन्हींची उत्तरं येईपर्यंत लेख पुढे जात नाही. नवे लेखक वैतागतात. वैतागू देत.

दुसरी चूक ‘पोलंडच्या मृत्युछावण्या’. छावण्या नाझी जर्मनीने उभारल्या, व्यापलेल्या पोलंडमध्ये. पण एवढं सांगितलं की उत्साही मंडळी दुसरं टोक गाठतात: पोलिश म्हणजे निव्वळ बळी. मग येद्वाब्नेचं काय करायचं? 10 जुलै 1941 ला त्या गावात पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यूंना कोठारात कोंडून पेटवून दिलं. जर्मन गावात होतेच, पण हात शेजाऱ्यांचे. किमान 340 माणसं गेली. तिथल्या स्मारकाच्या दगडावर मात्र कित्येक वर्षं कोरलेलं होतं, की गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) आणि नाझी पोलिसांनी 1,600 ज्यूंना जाळलं. तो दगड 2001 मध्ये हटवला आणि राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी माफी मागितली. नव्या दगडावरही जाळलं कोणी, ते लिहिलेलं नाही. पुढे 2018 मध्ये, नाझी गुन्ह्यांचं खापर पोलिश राष्ट्रावर फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा तिथे झाला. जगभर ओरड झाल्यावर काही महिन्यांत शिक्षेचं कलम मागे घेतलं. ज्यूंना जिवावर उदार होऊन लपवणारे हजारो पोलिश होते, हेही खरंच. दोन्ही लिहा. जागा कमी पडली तर विशेषणं काढा.

‘ऑशविट्झमध्ये 40 लाख’: हा तिथल्या स्मारकाच्या जुन्या पाटीवरचा सोव्हिएत आकडा, 1990 मध्ये काढून टाकला. आज मानला जाणारा आकडा सुमारे 11 लाख, त्यांतले जवळपास 10 लाख ज्यू. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या एकूण 60 लाख ज्यूंचा हिशेब त्या पाटीवर कधीच बेतलेला नव्हता. फॉरवर्डमधून आकडे उचललेत की होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत.

‘सगळे गॅसने मारले’: कीवजवळच्या बाबी यारमध्ये दोन दिवसांत 33,771 ज्यूंना गोळ्या घातल्या.

‘1945 नंतर ज्यूद्वेष संपला’: 1968 मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने ‘झायोनिस्ट’ (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कर्ता) हा शब्द पुढे करून मोहीम चालवली आणि सुमारे 13 हजार ज्यूंना देश सोडावा लागला. इस्रायलच्या धोरणांवर खुशाल टीका करा. फक्त लिहून झालं की ‘झायोनिस्ट’च्या जागी ‘ज्यू’ घालून वाक्य मोठ्याने वाचा. अर्थ तसाच राहिला, तर ते वाक्य मला पाठवू नका.