पहाटे साडेचारला विजापूर नाका सोडा: सोलापूरहून कर्नाटक बघायची रीत

मी सोलापुरात भाड्याची गाडी चालवतो. एकवीस वर्षं झाली. लग्नाची, दवाखान्याची, देवाची, सगळी भाडी करतो, पण जीव रमतो तो भीमेपलीकडच्या फेऱ्यांत. आई इंडी तालुक्यातली, त्यामुळे कन्नड घरचंच. लोक फोन करून विचारतात, "विजापूर, बदामी, हंपी, दोन दिवसांत करून आणाल का?" आणतो की. पण बघणं होणार नाही, नुसतं गाडीतून उतरणं-चढणं होईल. म्हणून कसं जावं ते एकदा सविस्तर सांगतो.

अंतर मोजू नका, ऊन आणि पायऱ्या मोजा. विजापूर शंभर किलोमीटर. आता पाटीवर विजयपुर दिसतं, 2014 साली नाव बदललं, पण आपल्या तोंडी विजापूरच. मंद्रूप, टाकळी, मग भीमेचा पूल, पलीकडे धूळखेड, झळकी, होर्ती. साडेचारला नाका सोडला तर झळकीत चहा होतो आणि गोलघुमटाच्या दारात आपण पहिले असतो. ही पहिलं असण्याची गोष्ट मी फार मनावर घेतो, त्याला कारण आहे.

एकदा पुण्याची पार्टी होती. नाष्टा करून निघू म्हणाले, मीही मान डोलावली. पोचलो अकराला. चार शाळांच्या सहली वर चढलेल्या. घुमटात एक आवाज सात-सात वेळा परत येतो आणि तिथं दोनशे पोरं एकदम शिट्ट्या मारत होती. पार्टीतल्या आजी कानावर हात ठेवून खाली आल्या, म्हणाल्या, "हे बघायला आणलंस होय रे?" चूक माझीच होती. तेव्हापासून उशिरा निघणाऱ्याला मी आधीच सांगतो की मग गोलघुमट सोडा.

सकाळी कसं असतं ते सांगतो. चारी कोपऱ्यांना सात-सात मजली मनोरे आहेत, त्यातल्या अरुंद जिन्यानं वर जायचं. पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालीच थांबून महंमद आदिलशहाची कबर बघावी. वर पोचलं की आतल्या बाजूनं गोल सज्जा. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आणि आधाराला मधे एकही खांब नाही. कमानीत कमानी गुंतवून सगळा भार भिंतींवर घेतलाय. 1656 सालचं काम. एकानं या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसायचं, दुसऱ्यानं बरोबर समोर जायचं. मग ओरडायचं नाही. मी खिशातला पावतीचा कागद काढतो आणि हळूच फाडतो. समोरचा माणूस दचकून मागं बघतो, कारण कागद त्याच्या कानाशीच फाटलेला असतो. नवरा-बायको असतील तर मी त्यांना तिथं सोडून खाली येतो, काय बोलायचं ते बोलू देत.

समोर नगारखान्यात संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद. दुपारच्या आत इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, बघा. माझ्या मते घुमटापेक्षा देखणा तोच, पण लोक दहा मिनिटांत उरकतात. मुलूख मैदान तोफ चुकवू नका. ती 1549 साली अहमदनगरात ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला आणली. पंचावन्न टनांचं धूड! बार्शीकडची पार्टी असली की मी म्हणतो, ही तुमच्याकडूनच आलीय.

एसटीनं जाणाऱ्या बायकांसाठी एक सूचना. आपली अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, पुढचं भाडं पूर्ण पडतं. कर्नाटकच्या गाडीत बायकांना फुकट असतं ते तिथल्या रहिवाशांना, आपलं आधार दाखवून उपयोग नाही. यावरून कंडक्टरशी झालेली भांडणं मी डोळ्यांनी पाहिलीत. आणि भाड्याची गाडी ठरवताना परमिट ऑल इंडिया आहे का, नसेल तर कर्नाटकचा कर कोण भरणार, हे आधी विचारा. रस्त्यात विचारलं की वाद होतो.

आता बदामी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे मुक्काम करायचाच. हुबळीकडच्या रेल्वेनंही जाता येतं, होटगीवरून विजापूर, बागलकोट करत गाडी थेट बदामीला उतरवते. गुहा चार. तिसरी सगळ्यात मोठी, तिच्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा 578 सालचा लेख आहे. लाल दगड, खाली अगस्त्य तळं, दोर लावून कडे चढणारी पोरं. आणि माकडं! हातात पिशवी घेऊन वर जाऊ नका. माझी कडक भाकरी आणि शेंगाचटणी एका माकडानं नेली, वर कठड्यावर बसून पुडी सोडली, चटणी हुंगली आणि शिंकलं. भाकरी मात्र पूर्ण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकल, मग ऐहोळे. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीनं नवऱ्यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं म्हणून बांधवलं. ऐहोळेत सगळे दुर्ग मंदिराचा फोटो काढून परत फिरतात. तुम्ही मेगुटीची टेकडी चढा. एका निवृत्त मास्तरांनी मला तिथला लेख दाखवला होता. 634 सालचा, रवीकीर्ती कवीनं चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या कौतुकात लिहिलेला. त्यात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांच्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे. मास्तर भिंतीपुढं बराच वेळ उभे होते, मी खाली गाडीचा हॉर्नही वाजवला नाही. परतताना अमीनगडला करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची गुळाची मिठाई, घ्या, सोलापुरात पोचेपर्यंत अर्धा संपतो.

जत्रा बघायची असेल तर कॅलेंडर नको, पंचांग काढा. बदामीपासून पाच किलोमीटरवर बनशंकरी देवीचं देऊळ. तिचा रथ पौष पौर्णिमेला. इकडे आपला गड्डा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, संक्रांतीला, तो काही हलत नाही. 2024 मध्ये पौर्णिमा 25 जानेवारीला होती. नंदीध्वज, होम, दारूकाम सगळं बघून निवांत गेलो. 2025 मध्ये ती 13 तारखेला, ऐन गड्ड्यात आली. सिद्धरामेश्वरांना सोडून कुठं जाणार? त्या वर्षी बनशंकरीचं भाडं मी दुसऱ्याला दिलं.

बनशंकरीला जेवायला हॉटेल शोधू नका. देवळासमोर बायका टोपल्या घेऊन बसतात. पांढऱ्या फडक्यात ज्वारीच्या भाकऱ्या, वरून झुणका, भरलं वांगं, लाल ठेचा, शेंगाचटणी, घट्ट दही. "ऊटा माडरी" म्हणून हाक मारतात. फडकं उघडलं की वाफेला तोच वास, जो आपल्या स्वयंपाकघरात येतो. "एष्टु?" एवढं विचारता आलं तरी बास, आणि पुरे म्हणायला "साकु". ते लवकर म्हणा, नाहीतर तिसरी भाकरी पडलेली असते.

गाणगापूरला माझा पहाटेचा नियम उलटा. अक्कलकोट करून सावकाश जा. आधी भीमा-अमरजा संगमावर आंघोळ, मग दुपारच्या माधुकरीला गावात पोचा. सकाळी जाऊन सकाळीच परतणाऱ्यांना माधुकरी बघायलाच मिळत नाही. बसवकल्याण उमरग्याच्या पुढं, हैदराबाद रस्त्यावरून वळायचं, अर्ध्या दिवसात होतं. गोकाकचा धबधबा जुलै ते सप्टेंबर; उन्हाळ्यात तिथं नुसता खडक. जोग आणि म्हैसूरचा दसरा सोलापूरहून गाडीनं करू नका, रेल्वेनं जा. हे माझं भाडं बुडवून सांगतोय.

आणि परतीचं. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात. झळकीपासून टाकळीपर्यंत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायला जागा उरलेली नसते. म्हणून विजापूर चार वाजता सोडायचं. पार्टी कितीही म्हणाली, "अजून बाराकमान राहिलीय," तरी मी गाडी चालू करतो.