आययूआय करताय? ट्रिगर, सॅम्पल आणि तपासण्यांतल्या या चुका टाळा

आययूआय म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार. त्याची प्रत्यक्ष क्रिया पाच-दहा मिनिटांत उरकते. लॅबमध्ये धुतलेले, म्हणजे वीर्यातून वेगळे केलेले शुक्राणू 0.3 ते 0.5 मिली द्रवात घेऊन बारीक नळीने आत सोडतात. भूल लागत नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा त्याआधीच, घरी किंवा वाटेत. एका सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या एका महिन्यात, दिवस राहण्याची शक्यता मुळात साधारण 10 ते 15 टक्के असते. त्यातही टाळता येण्यासारख्या चुकीपायी महिना वाया गेला, तर जोडप्याला ते फार जड जातं.

सुरू करण्याआधीच राहून गेलेलं

सगळ्यात महागात पडते ती गर्भनलिका न तपासता केलेली आययूआय. शुक्राणू गर्भाशयात कितीही चांगले सोडले तरी बीजाशी गाठ नळीतच पडते. निदान एक नळी उघडी हवी. आपल्याकडे जननेंद्रियांच्या टीबीमुळे नळ्या बंद झालेल्या असू शकतात आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात, एचएसजी (नळ्या उघड्या आहेत का हे दाखवणारा एक्स-रे) करून घ्या. थोडं दुखतं, पण ते टाळू नका.

नवऱ्याचा वीर्यतपासणीचा एकच रिपोर्ट धरून बसणं ही दुसरी चूक. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल, तर त्या तापाचा परिणाम दोन-तीन महिने दिसतो. रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा. आणि जिममध्ये टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश बंद पडतो आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. ते पूर्ववत व्हायला अनेक महिने जातात. हे लपवून केलेल्या सायकलींचा काहीच उपयोग होत नाही.

गोळ्या, सोनोग्राफी आणि ट्रिगर

बीज वाढवणाऱ्या गोळ्या, लेट्रोझोल किंवा क्लोमिफीन, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस देतात. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. नुसते डाग दिसले तो धरायचा नाही. इथे दोन दिवसांची गल्लत झाली की पुढच्या सोनोग्राफीच्या तारखाही चुकतात. जास्त बीजं यावीत म्हणून गोळ्या मनाने वाढवणं धोक्याचं आहे. तीन किंवा जास्त मोठे फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) आले तर सायकल रद्द करावी लागू शकते, कारण तिळ्यांची भीती असते. अशा वेळी घरीही संबंध टाळायला सांगतात, तेही पाळा.

फॉलिकल साधारण 18 ते 20 मिमी आणि गर्भाशयाचं अस्तर 7 मिमीच्या वर असलं की ट्रिगर, म्हणजे बीज सुटावं म्हणून एचसीजी या हार्मोनचं 5000 किंवा 10000 युनिटचं इंजेक्शन देतात. त्यानंतर 36 ते 40 तासांत बीज सुटतं आणि ते जेमतेम 12 ते 24 तास टिकतं. सोमवारी रात्री 10 ला ट्रिगर, तर बुधवारी सकाळी 10 च्या सुमारास आययूआय, असा हा हिशेब.

तो हमखास चुकतो तो रात्री इंजेक्शन द्यायला कोणी न मिळाल्यामुळे. खारघर किंवा कळव्याला घरी पोचेपर्यंत जवळचा दवाखाना बंद, मग बारा वाजता कोणाला तरी उठवून टोचून घेतलं, आणि फाइलवर मात्र "10 वाजता". असं करू नका. उशीर झाला तर खरी वेळ सेंटरला कळवा. आययूआय दोन तास पुढे नेणं त्यांना सहज जमतं. इंजेक्शन फ्रिजमधलं असेल तर मेडिकलमधून आइस पॅकसोबत आणा, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. दोन व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या) लिहिल्या असतील तर दोन्ही दिल्या ना, हे समोर उभं राहून बघा.

या दिवसांत पोट दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेऊ नका. अशा गोळ्यांनी फॉलिकल फुटण्यात अडथळा येऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारून घ्या.

सॅम्पल

"साठवून ठेवलं तर जास्त येईल" म्हणून पंधरा दिवस संबंध टाळणारे बरेच असतात. त्याने आकडा वाढल्यासारखा दिसतो, पण मेलेले आणि मंद शुक्राणूच वाढतात. दोन ते पाच दिवसांचं अंतर पुरे.

वीर्याचं सॅम्पल सेंटरवरच द्या. घरून आणायचं असेल तर तासाच्या आत लॅबच्या हातात पडलं पाहिजे, आणि सकाळी घोडबंदर रोडवर कासारवडवली ते माजिवडा किती वेळ लागेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. रविवारी आययूआय आली तर लोकलचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा. आणायचीच वेळ आली तर डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवा. एसीच्या झोतासमोर किंवा बर्फात नको. तेल, लाळ, साबण, क्रीम, नेहमीचा कंडोम, सगळं वर्ज्य. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात. ते डबीबाहेर सांडले तर लाजू नका, लगेच सांगा.

ऐन दिवशी ताणामुळे सॅम्पल न येणं अनेकांच्या बाबतीत घडतं. त्यात पुरुषाचा काही दोष नाही, आणि बाहेरून दार वाजवून तर अजिबात मदत होत नाही. शंका असेल तर आधीच एक सॅम्पल फ्रीझ करून ठेवा. डबी देताना दोघांची नावं, तारीख, वेळ मोठ्याने वाचून घ्या. धुतल्यानंतर हलणारे शुक्राणू किती उरले, हेही विचारा. 5 मिलियन, म्हणजे 50 लाखांच्या वर असतील तर चांगलं. 10 लाखांच्या खाली शक्यता फारच कमी होते.

नंतरचे दोन आठवडे

दहा-पंधरा मिनिटं पडून राहिलात की उठून घरी जा. पंधरा दिवस झोपून राहण्याची गरज नाही. जिना, लोकल, ऑफिस चालतं. सासूबाईंनी काळजीपोटी खाटेवर बसवलं तरी त्याने यश वाढत नाही.

आठव्या-नवव्या दिवशी घरी टेस्ट केली तर ट्रिगरमधलं एचसीजीच दोन रेघा दाखवू शकतं, कारण टेस्ट तेच हार्मोन शोधते. चौदाव्या दिवशी रक्ताची बीटा एचसीजी करा. प्रोजेस्टेरॉन (अस्तराला आधार देणारं हार्मोन) चालू असेल तर पाळी लांबते, त्यावरून काही ठरवू नका. डाग दिसले तरी गोळ्या मनाने बंद करू नका.

ताप, पोट फुगणं, लघवी कमी होणं, दम लागणं किंवा टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला तीव्र दुखणं, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

तेच ते पुन्हा करणं

नीट झालेल्या तीन-चार सायकलींनंतरही दिवस राहिले नाहीत, तर पुढची सायकल मुकाट्याने सुरू करू नका, आता पुढे काय हे डॉक्टरांशी बोला. बाईचं वय 37-38 च्या पुढे असेल तर हा विचार आणखी लवकर करा. दात्याचे शुक्राणू लागणार असतील तर 2021 च्या एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार ते नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवेत. सेंटरची नोंदणीही बघा. ठाण्यातून वाशीला सेंटर बदलत असाल, तर प्रत्येक सायकलचा कागद सोबत न्या: फॉलिकलची मापं, अस्तर, ट्रिगरची खरी वेळ आणि धुतल्यानंतरचा आकडा. नवीन डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.