डोंगरातील आदिवासी गावांत मिशनकार्यास जाताना: छोटानागपूरच्या अनुभवावरून मार्गदर्शन

डोंगराळ भागातील आदिवासी समाजात मिशनकार्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी आणि प्रापंचिकांनी निघण्यापूर्वी छोटानागपूरचा इतिहास नीट अभ्यासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजच्या झारखंडमधील रांची, खुंटी आणि गुमला या टापूत मुंडा व उरांव समाजांमध्ये येशूसंघीयांनी (जेझुइट धर्मगुरूंनी) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जे कार्य उभे केले, त्यात अनुकरणीय असे पुष्कळ आहे आणि टाळावे असेही आहे. पुढील सूचना त्याच अनुभवावर आधारलेल्या आहेत, आणि सातपुड्यात काम करणाऱ्यांनाही त्या बऱ्याच अंशी लागू पडतील.

सर्वप्रथम गावाच्या जमिनीचा प्रश्न समजून घ्यावा. बेल्जियमचे फादर कॉन्स्टंट लिव्हन्स 1885 मध्ये तोरपा येथे आले, तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी जंगल तोडून शेते तयार केली होती त्या मुंडांवर जमीनदार आणि ठेकेदार मनमानी खंड व बेठबेगारी लादत होते, आणि न्यायालयाची भाषा व रीत ठाऊक नसल्याने मुंडा दाव्यामागून दावे हरत होते. लिव्हन्स यांनी कुळांसंबंधीचे कायदे अभ्यासले, रयतेला सल्ला दिला, वकिलांची मदत मिळवून दिली, आणि अल्पावधीत गावेच्या गावे मिशनकडे वळली. मात्र त्या लोंढ्यात श्रद्धेपेक्षा खटला जिंकण्याची आशा अधिक असलेले लोकही होते, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर त्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. म्हणून न्यायाची मदत ख्रिस्ती, सरना (पारंपरिक आदिवासी धर्म पाळणारे) आणि हिंदू अशा सर्वांना सारखीच द्यावी, आणि जिथे कज्जाचे कागद पाहिले जातात तिथे स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) विषय काढू नये, हा नियम कार्यकर्त्याने स्वतःला घालून घ्यावा.

जमिनीच्या कामाची खरी उंची फादर जॉन हॉफमन यांच्याकडे पाहून कळते. त्यांनी एकेका दाव्यामागे न धावता मुंडांची खुंटकट्टी पद्धत, म्हणजे मूळ वसाहत करणाऱ्या घराण्याचा जमिनीवरील सामूहिक हक्क, सरकारला समजावून दिली. 1908 च्या छोटानागपूर कुळवहिवाट कायद्याच्या घडणीत त्यांच्या या ज्ञानाचा मोठा वाटा होता. सावकारी पाश तोडण्यासाठी 1909 मध्ये त्यांनी सहकारी पतसंस्था सुरू केली आणि तिच्या जोडीला गावोगावी धान्यकोठारे उभी राहिली. आज झारखंडमध्ये जाणाऱ्याने खतियान, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, वाचायला शिकावे. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला सातबारा, आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतर नियंत्रित करणारे महसूल संहितेचे कलम 36 अ, अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांची चांगली माहिती असलीच पाहिजे. ज्या मिशनकेंद्राला स्वतःसाठी जमीन हवी आहे, त्याने तर हे सर्व दुप्पट काळजीने वाचावे.

दुसरी तयारी भाषेची. सादरी या तिथल्या संपर्कभाषेवर किंवा हिंदीवर बाजारात आणि दवाखान्यात निभावते, परंतु वृद्ध स्त्रिया, आजारी माणसे आणि शोक करणारी घरे त्या भाषांत मन मोकळे करत नाहीत. मुंडारी आणि उरांवांची कुडुख या दोन्ही भाषा शेजारी नांदत असल्या तरी त्यांची कुळे वेगळी आहेत: पहिली ऑस्ट्रोआशियाई, दुसरी द्राविडी, एक आली म्हणून दुसरी सोपी जात नाही. पहिले वर्षभर प्रवचनाची जबाबदारी न घेता एखाद्या कुटुंबात राहून शेतीच्या कामात हातभार लावावा, मुलांकडून चुका सुधारून घ्याव्यात, आणि गाणी, म्हणी व नात्यांची नावे वहीत उतरवावीत. हॉफमन यांचे मुंडारी व्याकरण 1903 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी आरंभलेला मुंडारी ज्ञानकोश त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला. इतका प्रदीर्घ धीर या कामाला लागतो. आपल्याकडेही गोव्यातील सालसेतमध्ये ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांनी हाच मार्ग धरला होता.

गावातील श्रद्धास्थानांविषयीचे वर्तन हा सर्वांत नाजूक भाग आहे. गावात पोहोचताच मुंडा, म्हणजे गावप्रमुख, आणि पूजेचा अधिकारी पाहन या दोघांची भेट घ्यावी व आपण कोण, कशासाठी आलो, हे स्पष्ट सांगावे. सरनाच्या पवित्र राईत बोलावल्याशिवाय जाऊ नये, पूर्वजांच्या ससनदिरी शिळांवर बसू नये, सरहूल किंवा करम सणाच्या विधींची छायाचित्रे परवानगीविना काढू नयेत. रोमच्या धर्मप्रसार मंडळाने 1659 मध्येच मिशनरींना बजावले होते, की श्रद्धेला आणि नीतीला जे उघड विरोधी नाही असे लोकांचे रीतिरिवाज बदलायला लावू नका. हे सर्वत्र पाळले गेले नाही. 1899 च्या नाताळाच्या सुमारास बिरसा मुंडांच्या उलगुलानात, म्हणजे उठावात, सरवदा मिशनवर बाण सुटले, आणि ज्या मिशनने मुंडांच्या हक्कांसाठी कष्ट घेतले तेही अनेकांना परक्या सत्तेच्या बाजूचे वाटत होते, ही गोष्ट प्रत्येक नव्या कार्यकर्त्याने मनात ठेवावी.

धर्मांतराबाबत कायदा आणि चर्चची शिकवण दोन्ही काटेकोरपणे पाळाव्यात. झारखंडच्या 2017 च्या कायद्यानुसार धर्मांतराचा विधी करण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. अन्य राज्यांचे नियम वेगळे असल्याने ते धर्मप्रांताच्या वकिलाकडून समजून घ्यावेत. चर्चच्या कायदासंहितेतील कॅनन (कलम) 748 प्रमाणे कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडता येत नाही, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये आमिष दाखवण्यालाही स्पष्ट मनाई केली. शाळेतील प्रवेश, औषध, शिष्यवृत्ती किंवा धान्य यांचा श्रद्धेशी दुरूनही संबंध जोडू नये. जो प्रौढ स्वतःहून विचारणा करतो, त्याला पूर्वतयारीचा पूर्ण काळ द्यावा व घरच्यांशी बोलण्यास सांगावे.

शाळा आणि दवाखान्याविषयी थोडक्यात: सरकारी शाळा किंवा उपकेंद्र जवळ असेल, तर नवे उभारण्याऐवजी ते नीट चालावे यासाठी ग्रामसभेबरोबर प्रयत्न करावा. सातपुड्यात सिकलसेलची तपासणी आणि गरोदर स्त्रियांना वेळेवर रुग्णालयात नेण्याची सोय, ही दोन कामे आधी हाती घ्यावीत.

नेतृत्व स्थानिकांच्या हाती देण्याची तयारी पहिल्या महिन्यापासून करावी. 1897 मध्ये रांचीत बर्नादेत किस्पोट्टा आणि त्यांच्या तीन उरांव मैत्रिणींनी संत ॲनाच्या कन्या हा धर्मसंघ सुरू केला, तोही घरच्यांचा विरोध सोसून आणि आदिवासी मुली व्रतस्थ जीवन जगू शकतील का, या शंकेला तोंड देऊन. 2003 मध्ये उरांव समाजातील तेलेस्फोर टोप्पो कार्डिनल झाले. असे नेतृत्व आपोआप तयार होत नाही. त्यासाठी धर्मशिक्षक गावातलाच निवडावा, प्रार्थनेचे नेतृत्व त्याच्याकडे सोपवावे, पतपेढीचे हिशेब गावच्या समितीने दरमहा सर्वांसमोर वाचून दाखवावेत, आणि बँक खात्यावर बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याची एकट्याची सही कधीही चालू ठेवू नये. बदलीचा आदेश येण्याआधीच वह्या, किल्ल्या व जमिनीच्या कागदांच्या प्रती समितीच्या ताब्यात दिलेल्या असाव्यात.