मेंदूतल्या फुग्यासाठी स्टेंट बसवलाय? मग या चुका टाळा

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात स्टेंट म्हटलं की सगळ्यांना हार्टचाच आठवतो, ब्लॉकेज उघडायला टाकतात तो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मेंदूतल्या ॲन्युरिझमला, म्हणजे रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याला, जो फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताची धार वळवणारा जाळीचा स्टेंट, टाकतात त्याचं काम वेगळंय. पाइपलाइन नावाचा स्टेंट घ्या, अमेरिकेत 2011 ला मान्यता मिळालेला, 48 बारीक तारांचं विणकाम, पण फुग्याच्या तोंडाचा जेमतेम 30-35 टक्के भाग धातूने झाकला जातो, बाकी मोकळंच! म्हणजे रक्त आत जायचं एकदम थांबत नाही, धार मोडते, आतलं गरगरणं मंदावतं, मग रक्त साकळतं आणि जाळीवर हळूहळू नवीन अस्तर चढतं. अँजिओत हे डोळ्यांना दिसतं, आधी डाय, म्हणजे फोटोत रक्त दिसावं म्हणून सोडतात ते औषध, फुग्यात शिरून लगेच धुऊन निघायची, स्टेंटनंतर ती तळाशी चंद्रकोरीसारखी रेंगाळते.

त्यामुळे पहिल्या रिपोर्टात फुगा दिसला म्हणून ऑपरेशन फसलं असं धरू नका. मोठ्या फुग्यांवरच्या पफ्स स्टडीत सहा महिन्यांनी साधारण 74 टक्के पूर्ण बंद झाले होते, पाच वर्षांनी 95.

सगळ्यात घातक चूक गोळ्यांची. अस्तर चढेपर्यंत धातू उघडा असतो, त्यावर गुठळी झाली तर थेट स्ट्रोक, म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या देतात. हिरड्यांतून जरा रक्त आलं, दात काढायचाय, अंगावर निळे डाग पडले, की घरातलंच कोणीतरी म्हणतं "काकू, दोन दिवस बंद ठेवा ना". अजिबात नको, आधी न्यूरोवाल्या डॉक्टरांना फोन करा! आणि ॲसिडिटी झाली म्हणून केमिस्टकडून ओमेप्राझोल आणू नका, लिव्हरमधलं जे एन्झाइम क्लोपिडोग्रेलला कामाला लावतं तेच ते अडवतं, दुसरी कुठली चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. अंगदुखीच्या गोळ्यांचंही तेच, मनाने घेऊ नका.

फॉलोअप टाळू नका, बरं वाटत असलं तरी. स्टेंट भिंतीला नीट चिकटला नसेल तर रक्त जाळीच्या मागून फुग्यात जात राहतं आणि ते बाहेरून कळत नाही, स्कॅन किंवा अँजिओतच कळतं.

अचानक भयंकर डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला तर सकाळपर्यंत थांबू नका, 108 लावा आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते ॲम्ब्युलन्समध्येच सांगा.